हृदयसंशोधन संस्थेची गावातली सल्लागार समिती : जून ते ऑक्टोबर २०२४च्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

पुण्यातल्या एका हृदयसंशोधन संस्थेत मी लोकसहभागाचं काम बघते. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही तीन वर्षं रक्तदाब तपासणीची शिबिरं घेतोय. यंदा तिथल्या माणसांना घेऊन सल्लागार समिती करायची ठरलं आहे. दुसरं कोणी असं काम हाती घेतलं तर त्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही.

आज जुनी रजिस्टरं काढून बसले. तीन वर्षांत सहा शिबिरं, दर शिबिराला साठ-सत्तर माणसं. अहवालात त्यांची सरळ बेरीज करून आकडा छापलाय. नावं जुळवत गेले तर वेगवेगळी माणसं निघाली ९६. बाकी सगळी तीच : निवृत्त गुरुजी, पेन्शनर, देवळापाशी बसणारी मंडळी. आशाताईंच्या, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेच्या, यादीत तिशीच्या पुढची नावं ४१२ आहेत. म्हणजे ३१६ जणांच्या दंडाला आमचा कफ (रक्तदाब यंत्राचा पट्टा) एकदाही लागलेला नाही.

आशाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, जो येतोय त्यो दरसाल येतोय. ज्यानं यायला पायजे त्यो उसात असतोय, न्हायतर गाडीवर."

समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे सर, निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. त्यांना संध्याकाळी हे दाखवलं. त्यांनी फ्रेमिंगहॅमचं उदाहरण काढलं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या या छोट्या शहरात १९४८मध्ये हृदयरोगाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध ज्या अभ्यासातून ठसठशीत झाला, तो हाच. तिथेही ६,५०७ जणांची निवड करून बोलावलं, तर आले ४,४६९. वर स्वतःहून आलेले ७४० धरून ५,२०९ झाले. गावातल्याच लोकांची समिती करून शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना गळ घातली, तेव्हा एवढे तरी आले. सर म्हणाले, "आपल्याकडे फक्त ते स्वतःहून येणारे आहेत. न आलेल्यांचं काय, हे आपल्याला कोण सांगणार? तेच सांगणार."

ठरलं ते असं : सहा महिन्यांत त्या ३१६ जणांपर्यंत पोचायचं. एकूण तरतूद १ लाख ९० हजार.

१८ जून, मंगळवार

पहिली बैठक. संस्थेच्या सभागृहात, सकाळी ११ वाजता. बाहेरचे सदस्य चार : सर, संख्याशास्त्राच्या एक प्राध्यापिका, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि एक वकीलबाई. गावातून पाच : आशाताई, दूध डेअरीचे सचिव, बचत गटाच्या अध्यक्ष काकू, भजनी मंडळात पखवाज वाजवणारे आबा आणि बायपास झालेले निवृत्त एसटी चालक नाना.

गावातले दोघंच आले. नाना, कारण त्यांना अजून एसटीचा पास आहे. आणि सचिव, तेही साडेबाराला. काकूंची भांगलण सुरू होती. आबांनी कळवलं, "वारीची तयारी चालू हाय." दोन तास डॉक्टर मंडळीच बोलत होती. नाना शेवटपर्यंत गप्प. निघताना मी विचारलं तर म्हणाले, "सगळं इंग्रजीत चाललं हुतं. मला काय इचारलं असतं तर सांगितलं असतं."

चूक सरळ माझी. जागा, वेळ, भाषा, तिन्ही मी माझ्या सोयीनं ठरवले होते. सभागृह, जेवण आणि गाड्यांचा खर्च ६,८०० रुपये, आणि हातात एकही निर्णय नाही.

२७ जून, गुरुवार

यापुढे बैठक गावात, विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात, रात्री ८ वाजता, धारा काढून झाल्यावर. सर म्हणाले, मी येईन. वयाच्या सत्तरीत रात्री पुण्याहून गाडीनं जाऊन परत यायचं म्हणजे सोपं नाही, पण त्यांनी दुसरा विचार केला नाही.

दुसरा प्रश्न मानधनाचा. आतापर्यंत तज्ज्ञ सदस्यांना बैठकीचे दोन हजार मिळत आणि गावातल्यांना चहा. सरांनी ठराव मांडला : सगळ्यांना सारखं, बैठकीला ७०० रुपये. तज्ज्ञांपैकी एकानंही विरोध केला नाही, हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

विरोध झाला तो हिशेब विभागाकडून. बिल कुठे आहे? पॅन कार्ड कुठे आहे? काकूंचं पॅन कार्डच नाही. 'लाभार्थी' या सदरात घालू म्हणाले, तर सरांनी साफ नकार दिला : ही माणसं आपल्याला सल्ला देतात, आपण त्यांना काही वाटत नाही. शेवटी 'सल्लागार मानधन' असं नवं सदर करून घेतलं. यात तीन आठवडे गेले. तुम्ही असं काम सुरू करणार असाल तर हे सदर पहिल्या बैठकीच्या आधी करून घ्या. माणसाला एकदा कबूल केलेले पैसे महिनाभरानं दिले, तर दुसऱ्या वेळी बोलवायला तोंड राहत नाही.

८ जुलै, सोमवार

आबांनी आणि नानांनी आधीच सांगितलं होतं की आषाढी होईपर्यंत काही घेऊ नका, निम्मं गाव वारीत असतं. मी ऐकलं नाही. पुरुष नसले तर बायका भेटतील, असा विचार करून अंगणवाडीत बायकांसाठी तपासणी ठेवली.

चार बायका आल्या. बाकी सगळ्या 'लाडकी बहीण'च्या अर्जासाठी सेतूकडे रांगेत होत्या. अंगणवाडीसेविका अर्ज भरण्यात, आशाताईही त्यातच. घरात दीड हजार रुपये येण्याचा कागद आणि आमचा रक्तदाब, यात बाईनं काय निवडावं हे सांगायला नको. काकू म्हणाल्या, "एक फोन केला असता मॅडम, तर मी सांगितलं असतं."

यापुढे नियम : गावातल्या सदस्यांपैकी दोघांनी हो म्हटल्याशिवाय तारीख लागत नाही. यामुळे दोन बेत पुढे ढकलावे लागले, पण रिकामं शिबिर पुन्हा झालं नाही.

२२ ते २४ जुलै

वारीहून माणसं परतली. सचिवांनी सुचवलं, की पुरुषांना गाठायचं तर डेअरीवर गाठा. सकाळी सहा ते साडेसात दूध घालायला सगळे येतात, ड्रायव्हर असो की शेतकरी. सूचना पटली. तीन सकाळी दोन यंत्रं घेऊन डेअरीच्या पडवीत बसलो.

तीन दिवसांत ५८ माणसं, त्यातली ४४ नवीन. मी खूश. रात्री आकडे पाहिले आणि झोप उडाली. ५८पैकी ३७ जणांचा रक्तदाब १४०/९०च्या वर. एका गावात एवढं कसं?

प्राध्यापिका बाईंना आकडे पाठवले. त्यांनी एकच प्रश्न केला, "माणसं बसली होती का उभी?"

उभी होती. कॅन घेऊन सायकलवरून किंवा चालत आलेली, रांगेत उभी, आणि नंबर लागला की स्टुलावर टेकून हात पुढे. पाठीला आधार नाही, हात अधांतरी. मधे मधे भाव आणि फॅटबद्दल बोलणं चालूच. निम्म्यांच्या गालात तंबाखू. नुकताच चहा झालेला. पहाटे घरातून निघालेले, लघवीला जाऊन आलेत का हे कोण विचारणार? यातली प्रत्येक गोष्ट रक्तदाब खोटा वर दाखवते. आम्ही एकाच वेळी सगळ्या केल्या.

३७ माणसं मात्र 'आपल्याला बीपी आहे' असं समजून घरी गेली. त्यातल्या एकानं बायकोला सांगून ठेवलं की आता माझं काही खरं नाही.

२५ जुलै, गुरुवार

चूक दुरुस्त करायला आजच निघायचं होतं. पुण्यात रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, सिंहगड रस्त्याकडच्या सोसायट्यांत पाणी. गाडी काढता आली नाही. आशाताईंना आणि सचिवांना फोन करून विनंती केली : त्या ३७ जणांना सांगा, हे मोजणं पक्कं नाही, कोणीही गोळी सुरू करू नका, आम्ही घरी येऊन पुन्हा मोजतो. आशाताई दुपारपर्यंत भर पावसात वीस घरं फिरल्या. हे काम त्यांच्या मानधनात बसत नाही. त्या दिवसाचे वेगळे ५०० रुपये आम्ही नंतर दिले.

३ ऑगस्ट, शनिवार

फेरमोजणी पूर्ण. ३७पैकी ३२ जण घरी भेटले. आता पद्धत अशी ठेवली आहे :

माणूस पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसतो. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी नाही. लघवीला जाऊन यायला सांगायचं, लाजायचं नाही. हात टेबलावर किंवा उशीवर, हृदयाच्या पातळीला. दोन वेळा मोजायचं, मधे एक मिनिट. पुन्हा दुसऱ्या दिवशी तसंच. दोन्ही दिवस १४०/९० किंवा वर आलं, तरच आरोग्य केंद्राची चिठ्ठी. १८०/११०च्या वर असेल तर मात्र थांबायचं नाही, त्याच दिवशी पाठवायचं.

३२पैकी दोन्ही दिवस वर राहिले ते १४. म्हणजे १८ माणसांना आम्ही विनाकारण घोर लावला होता.

आणखी एक दोष याच फेरीत सापडला. आमच्याकडे एकाच मापाचे कफ होते. नांगरट, उसतोड करणाऱ्या माणसाच्या दंडाला तो कसाबसा पुरतो, आणि लहान कफ रक्तदाब जास्त दाखवतो. आतली हवेची पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण ८० टक्के भरली पाहिजे. मोठे कफ ४ नग घेतले, ३,४०० रुपये. बायकांच्या बाबतीत वेगळीच अडचण : ब्लाऊजची घट्ट बाही वर सारली की ती दंडाला आवळते आणि आकडा बिघडतो. काकूंनी तोडगा काढला. बचत गटातल्या एका बाईकडून दोन सैल झबली शिवून घेतली. आडोशाला जाऊन बाई ती घालते आणि मग मोजायला बसते. कापड-शिलाई २८० रुपये. आमच्या यंत्रसामग्रीत सर्वात स्वस्त आणि सर्वात कामाची वस्तू हीच.

९ ऑगस्ट, शुक्रवार

सभामंडपात दुसरी बैठक. आठ जण हजर. विषय : प्रश्नावली.

आमच्या फॉर्मवर 'तंबाखूचे सेवन करता का?' असा प्रश्न होता. बायकांची उत्तरं जवळजवळ सगळी 'नाही'. काकू हसल्या नाहीत, शांतपणे म्हणाल्या, "तंबाखू कोणी खात न्हाय. मिश्री लावता का म्हणून इचारा. दिवसातनं किती बार तेबी इचारा." दुसऱ्या दिवशी अकरा बायकांना त्यांच्याच शब्दांत विचारलं. सात जणी म्हणाल्या, लावते. दोघी तर सकाळ, दुपार, रात्र. भाजून दळलेली तंबाखूच ती. हिरडीतून निकोटिन जातंच. तीन वर्षं हा प्रश्न आमच्यासमोर होता आणि आम्ही त्याचं उत्तर 'नाही' म्हणून भरत होतो.

मिठाचंही तसंच. 'मीठ किती खाता?' याला उत्तर 'बेताचं'. आबा म्हणाले, पुडा किती दिवस जातो ते विचारा. घरी येऊन हिशेब मांडला. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पाच मोठ्या माणसांच्या घरात दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे किलोचा पुडा ४० दिवस जायला हवा. पुढच्या आठवड्यात जिथे विचारलं, तिथे तो वीस-बावीस दिवसांत संपत होता. लोणच्या-पापडाचं खडे मीठ वेगळंच. हा हिशेब बायकांना लगेच समजतो. पुड्यावर आणल्याची तारीख लिहायची, संपला की दिवस मोजायचे. 'सोडियम कमी करा' अशी पत्रकं आम्ही ४,६०० रुपये खर्चून छापली होती. ती गठ्ठ्यानं पडून आहेत.

सावधानतेची एक गोष्ट : प्रश्न बदलले म्हणजे संशोधनाचा कागद बदलला, आणि तो नीतिमत्ता समितीकडे पुन्हा मंजुरीला गेला पाहिजे. सल्लागार समिती कितीही चांगली असली तरी ती नीतिमत्ता समितीची जागा घेत नाही. त्या समितीत कायद्यानं किमान सात सदस्य लागतात आणि त्यांत एक सामान्य नागरिकही असतो. आमच्या बदलांना मंजुरी यायला साडेचार आठवडे लागले. तोवर नवे प्रश्न फक्त गप्पांत विचारले, फॉर्मवर एकही उत्तर घेतलं नाही. गावातल्या सदस्यांना प्रश्नावली पहिल्या दिवशीच दाखवली असती, तर हे आठवडे वाचले असते.

२१ ऑगस्ट, बुधवार

आजची नोंद लिहायला जड जातंय.

गावातल्या कामासाठी आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप गट आहे. कोणाकडे पुन्हा जायचं हे कळावं म्हणून काल मी यादीचा फोटो टाकला. नाव, वय, रक्तदाब. गटात १४ जण. सकाळपर्यंत तो फोटो गावाच्या मोठ्या गटावर गेला होता.

यादीत एक मुलगी आहे, नुकतीच तिशीत आलेली, लग्नाचं बघताहेत. तिचा आकडा वर होता आणि तो पक्का नव्हता. दुसऱ्या दिवशीची मोजणी राहिली होती. दुपारी तिचे वडील आशाताईंच्या दारात आले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाव्हण्यांच्या गावात बी त्यो गट हाय."

फोटो पुढे कोणी पाठवला हे मी शोधलं नाही, शोधणारही नाही. यादीचा फोटो काढला मी, टाकला मी.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

तातडीची बैठक. सर रात्री साडेसातलाच हजर. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, की संमतीपत्रावर आपण 'माहिती गुप्त राहील' असं लिहून सही घेतली आहे, ती मोडली. नीतिमत्ता समितीला लेखी कळवायचं ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी कळवलं.

मग गावातले सदस्य बोलले. सचिवांचं मत, झालं ते झालं, चार दिवसांत लोक विसरतील. आशाताई म्हणाल्या, "तुमी पुण्याला जाताय. मला हितं रोज त्या दारावरनं जावं लागतंय." नानांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते : "ज्याचं नाव गेलंय त्याच्या घरी जावा. अध्यक्षानं जावा. मग गावापुढं सांगा."

यादीत २६ नावं होती. सर आणि मी दोन दिवस त्या २६ घरी गेलो. सरांनी प्रत्येक दारात स्वतः माफी मागितली. चूक माझी असताना ते पुढे झाले, तेव्हा मला रडू आलं. सरांचं म्हणणं, अध्यक्ष म्हणून माझं नाव पत्रकावर छापता, मग ते इथेही लागलं पाहिजे. चार घरांनी अभ्यासातून नाव काढायला सांगितलं. त्यांची माहिती काढून टाकली आणि तसं लेखी दिलं. त्या मुलीच्या घरी चहा मिळाला, पण ती स्वतः बाहेर आली नाही.

बदल : यादी आता कोणाच्याही फोनमध्ये नाही. प्रत्येकाला एक कार्ड दिलंय, ते त्याच्याकडेच राहतं, आकडा त्यावरच. आमच्या वहीत फक्त क्रमांक. क्रमांक आणि नाव जोडणारी वही उपकेंद्राच्या कपाटात, किल्ली समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे. गटावर फक्त 'उद्या सकाळी ७, वरची आळी' एवढंच. काम थोडं सावकाश होतं, होऊ दे.

१० सप्टेंबर, मंगळवार

गणपतीत मंडळापुढे हृदय बंद पडल्यावर छाती कशी दाबायची याचं प्रात्यक्षिक. डमी २ नग, १७,४०० रुपये.

मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वेग पोरांना सांगून समजत नाही. आबांनी पखवाज घेतला आणि ठेका धरला. पहिलं मिनिट सुरेख. मग भजनात होतं तसं लय चढत गेली, पोरंही चढली, आणि मोबाइलवर मोजलं तर १४५. एवढ्या घाईत दाब उथळ होतो आणि छाती वर यायला वेळच मिळत नाही. दुसऱ्या संध्याकाळी आबांच्या कानाशी ताल मोजणारं अ‍ॅप ११०वर लावून ठेवलं. त्यांनी दहा मिनिटं लय जराही हलू दिली नाही.

बायका मंडळापुढे गुडघ्यावर बसून डमीवर वाकायला तयार नव्हत्या. त्यांच्यासाठी अंगणवाडीत वेगळं घेतलं, दारं लावून. तिथे २३ जणी आल्या. एकीनं विचारलं, माणूस बाजेवर पडला असेल तर? आधी खाली जमिनीवर घ्या, बाजेची सुतळी खाली दबते, छाती दबत नाही. हा प्रश्न आमच्या पुस्तिकेत नव्हता.

सर्वात मोठी गफलत मात्र शेवटी कळली. एका पोरानं विचारलं, "वडिलांच्या छातीत कळ आली तर लगेच दाबायला लागायचं ना?" म्हणजे दोन तास शिकवून आम्ही हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं यांतला फरक सांगितलाच नव्हता. त्याच क्षणी सगळ्यांना पुन्हा बसवलं. माणूस शुद्धीत आहे, बोलतोय, श्वास घेतोय, तर छाती दाबायची नाही. त्याला बसवायचं, चालवायचं नाही, १०८ला फोन करायचा. हाक मारून, हलवून उत्तर नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके दिल्यासारखा आहे, तरच १०८ला फोन करून दाबायला घ्यायचं.

मग नाना उभे राहिले. २०१९मध्ये त्यांना पहाटे कळ आली, तेव्हा पित्त म्हणून सोडा प्यायले, दुपारपर्यंत अंगावर काढलं, संध्याकाळी साताऱ्याला नेलं. "डॉक्टर म्हणले, पाच तास आधी आला असता तर निम्मं हार्ट वाचलं असतं." माणसं एकदम गप्प झाली. पुढच्या सगळ्या प्रात्यक्षिकांची सुरुवात आता नाना करतात. बायकांच्या गटात काकू सांगतात, की बाईला कळ येईलच असं नाही. दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, घाम, मळमळ, एवढ्यावरही दवाखाना गाठायचा.

२० सप्टेंबर, शुक्रवार

खाद्यतेलाच्या एका कंपनीकडून प्रस्ताव : २९ तारखेच्या जागतिक हृदय दिनाला दोन लाख रुपये, रॅली, टी-शर्ट, फ्लेक्स, मोफत तेलाचे पाऊच. दोन लाख म्हणजे आमच्या पूर्ण तरतुदीपेक्षा जास्त. संस्थेतून आग्रह होता, आणि खरं सांगते, माझाही जीव त्यात अडकला होता.

बैठकीत आशाताईंनी विचारलं, "ह्ये तेल खाल्लं की बीपी येत न्हाय, असं मला दारोदार सांगावं लागंल का?" तसं कोणी म्हणत नाहीये, असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "पाऊच माझ्या हातनं दिला की त्येच झालं." मतदान घेतलं, सात विरुद्ध दोन. प्रस्ताव नाकारला. सरांनी संस्थेला पत्र पाठवलं आणि समितीचा ठराव जोडला. संस्थेनं तो मानला. समितीच्या हातात खरोखर काही आहे हे गावातल्या सदस्यांना त्या दिवशी पटलं, असं मला वाटतं. पुढच्या बैठकीपासून नाना आणि काकू विषय स्वतः लिहून आणू लागले.

२९ सप्टेंबर, रविवार

जागतिक हृदय दिन. रॅली नाही, मंडप नाही. नऊ सदस्यांनी आळ्या वाटून घेतल्या आणि अजून न भेटलेल्या घरी गेले. प्राध्यापिका बाई कार्ड लिहीत होत्या, सर कफ बांधत होते. खर्च : चहा आणि पोहे, ६४० रुपये.

रात्री हिशेब. ३१६पैकी २३१ जणांची दोन्ही दिवसांची मोजणी झाली. रक्तदाब पक्का निघाला ६१ जणांचा. त्यातल्या २२ जणांना तो पूर्वीच माहीत होता आणि त्यांनी गोळी सोडलेली होती. कारणं विचारली : बरं वाटायला लागलं, एकदा लागली की कायमची लागते म्हणून, आणि सात जणांचं उत्तर, केंद्रावर गेलो तेव्हा गोळ्या नव्हत्या.

२ ऑक्टोबर, बुधवार

ग्रामसभा. आकडे आधी गावाला सांगायचे आणि मग पुण्यात, हा समितीचा ठराव होता. नावं नाहीत, फक्त संख्या. सचिवांनी वाचून दाखवलं.

एक जण उठून म्हणाला, "मोजून झालं. गोळ्या कुठं हायत?" प्रश्न रास्त होता. सातारा जिल्ह्यात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम अगदी सुरुवातीपासून आहे, आरोग्य केंद्रात महिनाभराच्या गोळ्या मोफत द्यायच्या असतात. पण जूनमध्ये तीन आठवडे साठा नव्हता. केंद्राचे डॉक्टर आमच्याच समितीत आहेत. त्यांनी सभेत उभं राहून ते कबूल केलं आणि मागणी कधी पाठवली, माल कधी आला, तारखांसह सांगितलं. ग्रामसभेनं ठराव केला : गोळ्यांचा साठा किती दिवसांचा आहे ते दर सोमवारी उपकेंद्राच्या फळ्यावर लिहायचं, आणि १५ दिवसांच्या खाली गेला की सरपंचांनी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र द्यायचं. माझ्या कोणत्याही आराखड्यात ही गोष्ट नव्हती.

१४ ऑक्टोबर, सोमवार

निवडणूक कोणत्याही दिवशी जाहीर होईल, मग आचारसंहिता. गावात सभा-फलक बंद राहणार म्हणून आजच आवरून घेतलं.

खर्च १ लाख ३७ हजार. त्यातला सर्वात मोठा प्रवासाचा. वाया गेलेला म्हणजे पहिली बैठक, पत्रकं, अंगणवाडीतला रिकामा दिवस आणि डेअरीवरच्या तीन सकाळी, सगळे मिळून सतरा हजारांच्या आसपास. वेळ किती गेला त्याचा हिशेब वर तारखांत आहेच.

६१पैकी ४४ जणांनी गोळ्या सुरू केल्या. दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या न्यायला येण्याचा दिवस ज्यांचा होऊन गेला, त्यांची कार्डं आज पाहिली. सात जण आलेले नाहीत. त्यांतले तीन ऊसतोडीच्या टोळीबरोबर बाहेर पडायच्या तयारीत आहेत, त्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतील का, हे डॉक्टर विचारून घेणार आहेत. ८५ जणांची मोजणी अजून राहिलीय. बहुतेक पुण्या-मुंबईला कामाला, दिवाळीत गावी येतात. दिवाळीच्या चार दिवसांत त्यांना गाठायचं, मात्र पाडव्याला नाही, असं काकूंनी बजावलंय.

कपाटातली वही तपासत असताना उपकेंद्राच्या दारात ती मुलगी आली, यादीतली. दुसऱ्या दिवशीची मोजणी राहिली होती ती करायला. पाच मिनिटं गप्प बसली. १२६/८२. मी कार्डावर लिहिलं. तिनं कार्ड घेतलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि विचारलं, "वहीत माझं नाव आहे का?"

नव्हतं. तिच्या घरानं नाव काढायला सांगितलं होतं, त्या चारांतलंच ते एक. मी वही उघडून तिला दाखवली.

"मग परत घाला," ती म्हणाली. "मी सही करते."